दगडी हॉलचा हरवलेला अहवाल

१

रुमाल जागेवर होता. आतली फाइल मात्र नव्हती.

सोवनी विद्यापीठाच्या दप्तरखान्यात जुने कागद लाल कापडात बांधून ठेवायची पद्धत. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणायचं. सोमवारी सकाळी रंगरावांनी 'दगडी हॉल – दुरुस्ती' असा रुमाल फळीवरून उतरवला, सोडला, आणि तिथेच स्टुलावर बसले. आत नकाशे होते, जुना पत्रव्यवहार होता. कै. श्रीनिवास तगारे यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला चौदा पानी अहवाल तेवढा गेला होता. त्याची दुसरी प्रत जगात नव्हती, आणि लिहिणारा तीन आठवड्यांपूर्वी झोपेतच देवाघरी गेला होता.

त्या अहवालावर उद्या दुपारी चारला समिती बसणार होती. नव्वद वर्षांचा दगडी हॉल आतून पाडून तिथे वातानुकूलित सभागृह आणि संगणक केंद्र करायचं, खर्च एक कोटी ब्याण्णव लाख. हा खर्च योग्य की अयोग्य, यावर साल दोन हजार उजाडल्यापासून विद्यापीठात दुसरा विषय नव्हता. छत खरंच धोक्याचं आहे का, हे तगाऱ्यांनी तपासलं होतं. खडकीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं इमारती सांभाळलेला माणूस, त्याचा शब्द दोन्ही बाजूंना मान्य होता. अहवाल समितीसमोरच उघडायचा असं ठरलं होतं, म्हणून तो कुणीच वाचला नव्हता.

कुलसचिव हेमाताई परचुरे खाली आल्या, त्यांनी रिकाम्या रुमालाकडे पाहिलं आणि थंडपणे म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडे, रंगराव. उद्या चारपर्यंत फाइल आली नाही, तर मला निलंबनाचा कागद काढावा लागेल. निवृत्तीला तीन महिने राहिलेत ना तुमचे?"

"होय न जी," रंगराव म्हणाले. यवतमाळकडचा माणूस, तीस वर्षं पुण्यात काढूनही बोली तशीच राहिलेली. "पण मी नाही घेतली. मले त्या फाइलीचं काय लोणचं घालाचं हाय?"

दप्तरखान्याच्या कोपऱ्यात विमलाबाई आगटे जुन्या हस्तलिखितांची यादी करत बसल्या होत्या. विद्यापीठाच्या निवृत्त ग्रंथपाल. आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला यायच्या, आणि माजी कर्मचाऱ्यांच्या वतीने दुरुस्ती समितीवरही होत्या.

"विमलाबाई, तुमच्या वेळी म्हणे ग्रंथालयातून पुस्तक हरवत नसे," हेमाताई म्हणाल्या.

"हरवत असे की. पण परत येत असे."

"मग हेही आणा."

हेमाताई गेल्या. विमलाबाई चष्मा पुसत उठल्या. "रंगराव, रुमाल सोडताना गाठ कशी होती?"

रंगरावांनी डोकं खाजवलं. "थेच तर सांगतो बाई. गाठच नव्हती! शनिवारी सकाळी नकाशा काढला तवा अहवाल आत होता, अन् मी दोन गाठी मारल्या, कचकचून. ही दोरी नुसती गोल गोल गुंडाळली होती, अन् टोक आत खुपसलं होतं. आपुन बांधता नं पोथ्या, तसं. मले वाटलं, बाईंनीच पाहिला असन रुमाल."

विमलाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. शनिवारी त्या इथे आल्याच नव्हत्या.

२

"शनिवारी कोण कोण आलं होतं?"

"तिघं. साडेअकराले आर्किटेक्ट आमोदसाहेब. त्याइले नकाशाची झेरॉक्स पायजे होती, मी वर जाऊन काढून आणली. मग कॉम्प्युटरच्या उत्कर्षा मॅडम. जुन्या वायरिंगचे कागद मागितले, थे मागच्या खोलीत शिडीवर. अन् तीनच्या सुमाराले आपले केळशीकर सर. देणगीदारांची जुनी यादी पाहत बसले. उन्हाचे आले होते, म्हणून मी त्याइच्यासाठी च्या आणाले गेलो."

"म्हणजे तिघंही पाच-दहा मिनिटं इथे एकटे होते."

"असं कसं म्हणता जी? पाव्हण्याले सोडून मी गेलो, म्हणजे चूक माहीच झाली नं!" रंगरावांनी कमरेची किल्ली चाचपली. "पोरीचं लग्न झालं, काही मागणं राहिलं नाही बाई. पण चोर म्हणून गेटाबाहेर नाही जायचं मले."

विमलाबाईंनी तिन्ही नावं आपल्या यादीच्या कडेला लिहून घेतली. त्यांचे वडील कीर्तनकार होते. लहानपणी त्या वडिलांच्या मागे झांज घेऊन उभ्या राहायच्या, आणि वडील सांगायचे, "विमल, आख्यानात कोण मोठ्यांदा बोलतं ते ऐकूच नकोस. कोण काय झाकतं ते बघ." आयुष्यभर त्यांनी माणसं तशीच वाचली होती.

आमोद दगडी हॉलच्या पायऱ्यांवर भेटला. पस्तिशीचा, कमरेला नवा कोरा मोबाइल, हातात नकाशांचं नळकांडं.

"मावशी, माझ्यावरच संशय येणार, मला माहितीये," तो हसून म्हणाला. "रिपोर्टमध्ये छत ठणठणीत निघालं असतं तर माझं प्रोजेक्ट बोंबललं असतं. मोटिव्ह परफेक्ट. फक्त एक सांगा, मी चोरलं असतं तर रुमाल पुन्हा इतका नीट बांधला असता का? माझ्या बायकोला विचारा, मला टॉवेलची घडी घालता येत नाही."

"तुम्ही स्वतः छत तपासलंत?"

तो किंचित घुटमळला. "पाहिलं. खालून. नव्वद वर्षांचं लाकूड आहे म्हटल्यावर काढून स्टील टाकायचं, हे सरळ आहे. प्रत्येक तुळई कोण टोकरत बसणार? आणि आता कंपन्या कॅम्पसला यायला लागल्यात, त्यांना घाम गाळत बसवायचं का?"

"म्हणजे पाहिलं नाहीत."

"मावशी, तुम्ही वकिली का नाही केलीत?"

उत्कर्षा देसाईंच्या विभागात व्हरांडाभर खोकी रचलेली होती. मॅडम त्यातल्याच एका खोक्यावर बसून डबा खात होत्या.

"बाई, हे बघा. चाळीस मशीन्स, डिसेंबरपासून खोक्यात. पोरं टर्न लावून सहा पीसीवर शिकतायत, आणि बाहेर म्हणे आयटी बूम! मला ग्रॅनाइट नको, एसी नको. दोन बंद खोल्या आणि नीट वायरिंग द्या. मी हॉल मागितलाच नव्हता. वरून ठरलं, मी 'येस सर' म्हटलं."

"अहवाल पाहिलात?"

"मी वायरिंगच पाहायला गेले होते. आणि खरं सांगू? तो रिपोर्ट हरवल्याने माझाच लॉस आहे. आता मीटिंग पुढे ढकलणार, मग सुट्टी, मग नवीन टर्म. माझी खोकी इथेच."

हे खरं होतं. विमलाबाई जिना उतरता उतरता थबकल्या. अहवाल गेल्याने आमोदचंही काम पुढे जाणार नव्हतं. काम अडलं तर फायदा कोणाचा?

३

फायदा एकाच माणसाचा दिसत होता, आणि त्याचं नाव घ्यायलाही विमलाबाईंची जीभ अडखळत होती.

माधवराव केळशीकर. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, हॉल वाचवा मंडळाचे अध्यक्ष. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत त्या हॉलमध्ये कीर्तनाचा सप्ताह त्यांनीच सुरू केला, त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. ध्वनिक्षेपक न लावता शेवटच्या रांगेपर्यंत बुवांचा शब्द पोहोचायचा. पती गेल्यावर पहिल्या वर्षी विमलाबाई घराबाहेर पडल्या त्या याच हॉलमधल्या कीर्तनाला, आणि उत्तररंगात रडून मोकळ्या झाल्या. परवा पाडवा. सहाशे माणसं येणार होती.

संध्याकाळी त्या हॉलमध्ये गेल्या, तेव्हा माधवराव पाटावर बसून पोथी कापडात गुंडाळत होते. दोरीचे वेढे घट्ट देत त्यांनी टोक अलगद आत सरकवलं.

"या विमलाबाई! ऐकलं मी ते. शोधा हो, रंगराव सज्जन माणूस आहे. दुष्ट काम आहे हे कुणाचंतरी."

"तुम्ही शनिवारी गेला होतात ना तिथे?"

"देणगीदारांची यादी बघायला. अहवालाचा कागद पांढरा की पिवळा, तेही ठाऊक नाही मला." ते खिन्न झाले. "श्रीनिवासने छत तपासलं तेव्हा मी महिनाभर मुलीकडे नाशिकला होतो, शुक्रवारी परतलो. श्रीनिवासची शेवटची भेटही झाली नाही. ना फोन, ना पत्र. जन्माचा मित्र, आणि त्याने छतात काय पाहिलं हे विचारायचंही राहून गेलं. पण ठणठणीतच असणार. सागवान आहे, नव्वद वर्षं काही झालेलं नाही."

विमलाबाईंनी वर पाहिलं. बारा सागवानी तुळया, काळ्याभोर, तेल प्यायल्यासारख्या. कुठे भेग नाही, कीड नाही.

तेवढ्यात मागून चंद्रभागाबाईंचा आवाज आला. सप्ताहाच्या सतरंज्या झाडायला त्या दरवर्षी येत. "सर, हे काय हो आरंभलंय? भिंतीलगत तुळशीच्या कुंड्यांची रांग लावलीत! आम्ही म्हाताऱ्यांनी टेकायचं कुठे? वीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून बसतेय मी. आता काय तुळशीला टेकू?"

"चंद्रभागाबाई, वाट मोकळी हवी, जायला यायला."

"त्या बाजूला दार तरी आहे का? दारं सगळी इकडे!"

"यंदा जरा पुढे बसा. बुवांचं तोंड दिसेल."

"वीस वर्षं बघतेय तोंड. आता पाठीचं बघा काहीतरी," असं पुटपुटत त्या झाडू घेऊन निघून गेल्या.

विमलाबाई पश्चिमेच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. कुंड्या भिंतीपासून चांगल्या चार हात अलीकडे होत्या, एका रेषेत, जवळजवळ मोजून ठेवल्यासारख्या. आणि त्यांना एकदम कळलं की सकाळपासून सगळेच एका चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवून चालले होते.

४

ती चूक अशी. तगारे हॉलवर जीव लावणारे, म्हणून त्यांनी छत चांगलंच ठरवलं असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आमोदने धरलं, हेमाताईंनी धरलं, खुद्द विमलाबाईंनीही. पण अहवाल वाचला कुणी होता? त्यात उलटंच लिहिलं असेल तर? मग तो लपवायची गरज आमोदला उरत नव्हती. ती हॉलवर प्रेम करणाऱ्याला होती.

रात्री त्यांना झोप आली ती या विचारावरच, आणि सकाळी जाग आली तीही याच विचारावर. माधवरावांना गाठून 'तुम्ही चोरलंत' असं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. ज्यांच्या सप्ताहाने आपल्याला घराबाहेर काढलं, त्यांना? आणि पोथी तशी बांधणारे पुण्यात शेकडो सापडतील. पुरावा हवा होता.

मंगळवारी दुपारी दोनला त्या रंगरावांना घेऊन हॉलमध्ये गेल्या. माधवराव तसबिरीला हार घालत होते.

"माधवराव, चंद्रभागाबाईंचं म्हणणं मला पटलं बुवा," विमलाबाई सहज म्हणाल्या. "रंगराव, त्या दोन कुंड्या बाजूला घ्या. मला गुडघ्यांमुळे टेकल्याशिवाय बसवत नाही. बघू तरी, आवाज कसा येतो तिथून."

रंगरावांनी कुंड्या सरकवल्या. विमलाबाई भिंतीपाशी गेल्या, पदर सावरला आणि खाली बसायला वाकल्या.

"विमलाबाई! तिथे नका! उठा तिथून, आधी उठा!"

हार हातातून गळून पडला होता. म्हातारा माणूस सतरंजीत पाय अडखळत धावत आला आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना ओढायला लागला. एकतीस वर्षांत त्यांनी कधी कुणा बाईला स्पर्श केलेला विमलाबाईंनी पाहिला नव्हता.

त्या कुंड्यांच्या अलीकडे आल्या.

"का नको, माधवराव?" त्यांनी हळूच विचारलं. "वरून लाकूड ठणठणीत दिसतं. भिंतीला तडा नाही. ही बाजू धोक्याची आहे, हे डोळ्यांनी कळण्यासारखं नाही. तुळयांत गिरमीट घालून पाहिलं ते एकट्या श्रीनिवासरावांनी. ते तुम्हाला भेटले नाहीत, ना फोन, ना पत्र, हे तुम्हीच सांगितलंत. मग ही भिंत तुम्हाला कुणी सांगितली? एकच जागा उरते."

माधवराव सतरंजीवर बसले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज स्थिर होता.

"देणगीदारांच्या यादीशेजारीच तो रुमाल होता. रंगराव चहा आणायला गेले तेव्हा मी तो सोडला, आणि अहवाल हाताला लागला. पहिलंच पान. 'पश्चिमेकडील सर्व तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आतून कुजली आहेत. सभागृहाचा वापर तत्काळ थांबवावा.' पुढे वाचवलं नाही मला. वाटलं, नव्वद वर्षं उभं आहे, नऊ दिवस उभं राहील. एक शेवटचा सप्ताह. दशमीला फाइल परत ठेवणार होतो, देवाशपथ. तोवर त्या बाजूला कुणी बसू नये, म्हणून तुळशी लावल्या."

"आणि मी, सर?" रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माह्यासाठी कोणती तुळस लावली होती तुमी?"

माधवरावांनी शेजारची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली.

५

फाइल त्यांच्या पिशवीतच होती, पोथ्यांमध्ये बांधलेली. त्यांच्याने ती फाडवली नव्हती, जाळवली नव्हती. लिहिलेल्या कागदाशी तसं वागणं त्या हाताला जमणारच नव्हतं.

विमलाबाईंनी ती तिथेच उघडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बाराव्या पानावर त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग फाइल माधवरावांपुढे धरली.

"हे वाचा. मोठ्यांदा."

त्यांनी चष्मा लावला. "'तुळयांचा मधला भाग उत्तम आहे. छत काढण्याची गरज नाही. पन्हाळीचं पाणी भिंतीत मुरतं, ते थांबवून फक्त कुजलेली टोकं कापून नवीन सागवान सांधावं. अंदाजे एकतीस लाख. काम आठ महिन्यांचं. हॉल आणखी शंभर वर्षं...'" तिथे त्यांनी चष्मा काढला.

म्हणजे जो कागद हॉल वाचवणार होता, तोच त्यांनी हॉल वाचवायला लपवला होता. जन्मभर शेवटच्या श्लोकाशिवाय अर्थ लावू नका असं शिकवणारे मास्तर पहिल्या पानावर थांबले होते.

"समितीला तुम्ही सांगाल, का मी सांगू?" विमलाबाईंनी विचारलं.

"मीच."

चार वाजता त्यांनी उभं राहून सांगितलं. काही लपवलं नाही, रंगरावांचं नाव दोनदा घेतलं. मग हेमाताईंनी अहवाल वाचून घेतला आणि आमोदकडे वळून म्हणाल्या, "एक कोटी ब्याण्णव. आणि इथे एकतीस. मधलं काय आहे?"

आमोदने कान खाजवले. "ग्रॅनाइट आहे. एसी आहे. आणि... न तपासलेलं छत आहे, मॅडम. हा रिपोर्ट बरोबर आहे. मी तुळईला हात लावला नव्हता." तो विमलाबाईंकडे पाहून म्हणाला, "टोकं सांधायचं काम करणारे सुतार मला ठाऊक आहेत. करू द्याल तर फी निम्मी."

उत्कर्षा मॅडमना उत्तरेकडच्या दोन खोल्या मिळाल्या. त्यांनी मिनिटाचाही वेळ न घालवता टिपणवहीत लिहून घेतलं, न जाणो कुणी मत बदललं तर.

राहिला शेवटचा प्रश्न. हॉलला आजच कुलूप लावायचं का? हात वर करायचे होते. विमलाबाईंना त्या क्षणी बुवांची पहिली ललकारी ऐकू आली, ती छताला लागून खाली उतरायची ती, आणि पांढऱ्या साडीतली एक बाई दिसली, शेवटच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसलेली. देव त्या तुळयांत नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही हात जड झाला. मग त्यांनी तो सगळ्यांत आधी वर केला.

कीर्तन सायकल स्टँडच्या पत्र्याखाली करायचं ठरलं. "पोरांना स्कूटर हलवायला लावते," उत्कर्षा मॅडम म्हणाल्या. "आवाज घुमेल जरा, पण बुवांना चालेल ना?"

"बुवांना झाडाखालीही चालतं," विमलाबाई म्हणाल्या.

सगळे पांगल्यावर हेमाताई थांबल्या. हातात दोन कागद होते. एक निलंबनाचा, तो त्यांनी रंगरावांसमोर फाडला. दुसरा कोरा होता. "केळशीकर सरांबद्दल मला काहीतरी लिहावं लागेल. चोरी दप्तरखान्यातून झाली आहे. तुमची तक्रार असेल तर पोलिसांत देते. नसेल तर नाही. तुम्ही सांगा, रंगराव."

दाराशी माधवराव उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

रंगराव खाली दप्तरखान्यात गेले आणि एक जाड, कोपरे झिजलेलं बाड घेऊन वर आले. फायली नेल्या-आणल्याची नोंदवही. त्यांनी ती टेबलावर उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि शनिवारची तारीख टाकून स्वच्छ अक्षरात लिहिलं : दगडी हॉल अहवाल, नेणार – प्रा. मा. केळशीकर. पुढच्या रकान्यात आजची तारीख घातली : परत, पानं चौदा, पूर्ण.

"सही करा जी," त्यांनी वही माधवरावांकडे वळवली.

"रंगराव, पण ही चोरी होती," माधवराव म्हणाले.

"असन. पण ह्या वहीत चोरीचा रकाना नाही जी."